सॅल्यूटच्या आधी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जबलपूरला गेलो होतो. भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे संगमरवरी कडे नावेतून पाहिले, धुवांधार धबधब्याचे तुषार अंगावर घेतले, पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींचे मंदिर पाहिले. त्यात अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मंडला रस्त्यावर बरेला गावाजवळ राणी दुर्गावतीची समाधी पाहिली. तिथे आम्ही जेमतेम दहा मिनिटे थांबलो.

त्या दहा मिनिटांत मी काय केले? ताठ उभा राहिलो, कडक सॅल्यूट ठोकला आणि ताईला फोटो काढायला सांगितले. रात्री बाबांनी विचारले, "ही लढाई कोणत्या साली झाली? समोर कोण होते?" मला सांगता आले नाही. बाबा फौजेत आहेत. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "मग सॅल्यूट कोणाला केलास?"

उत्तर मी नंतर शोधले. अकबराचा सरदार आसफखान गोंडवनावर चालून आला. नर्रई नाल्याजवळ राणी सरमान हत्तीवर बसून लढली. मुलगा वीर नारायण जखमी झाला, त्याला तिने मागे पाठवले, पण स्वतः हटली नाही. दोन बाण लागल्यावर, जिवंत हाती लागायचे नाही म्हणून तिने स्वतःच्या हाताने प्राण दिले. तारीख होती 24 जून 1564. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले आहे की, तिथून जाणारा अनोळखी वाटसरूही जवळचा एखादा सुंदर पांढरा स्फटिक उचलून समाधीवर आदराने ठेवतो. त्या वाटसरूकडे कॅमेरा नव्हता, पण दगड शोधण्याइतका वेळ त्याने दिला होता. मी तेवढाही दिला नाही.

माझे मत असे आहे की, आपण कॅडेट सॅल्यूट फार लवकर करतो. हात आपोआप वर जातो, डोके मात्र कामाला लागत नाही. सहलीच्या वेळापत्रकातही धबधब्याला तीन तास आणि स्मारकाला 'जाता जाता' वेळ असतो. काही मित्र म्हणतील, सहल मजेसाठी असते, तिथे इतिहासाचा तास कशाला? मजा मलाही हवी आहे. पण आपण ज्या गणवेशाची स्वप्ने पाहतो, त्याची किंमत कोणी मोजली हे माहीत नसेल, तर ते स्वप्न फक्त कपड्यांचे आहे.

पुण्यात खडकीचे युद्ध स्मशान आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजाराहून अधिक सैनिक तिथे चिरविश्रांती घेत आहेत. अधिकारी असो वा शिपाई, शिळा सारख्याच. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर 25,000 हून अधिक नावे कोरलेली आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले.

म्हणून एक सूचना करतो. पुढच्या सुट्टीत प्रत्येक कॅडेटने आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एका शहीद जवानाचे नाव, पलटण आणि तारीख वहीत लिहून आणावी. शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन यावे. पालकांनी सोबत यावे. सरांनी असेंब्लीत रोज एक नाव वाचू द्यावे.

जबलपूरला मी पुन्हा जाणार आहे. या वेळी आधी फलक वाचेन, एक पांढरा दगड ठेवेन आणि मगच सॅल्यूट करेन. फोटो नाही काढला तरी चालेल.