अजीर्ण, सोडा आणि खारपाण

लग्नाची पंगत उठली, रोडग्यांवर आणि वांग्याच्या भाजीवर दुसऱ्यांदा हात मारून झाला, कीं वऱ्हाडांत घरोघर ओव्याची डबी निघते. कोणी ओवा-मीठ चावतो, कोणी सुंठ घातलेलें ताक पितो. ज्याला तेवढाही धीर नसतो तो पेलाभर पाण्यांत खायचा सोडा टाकून मोकळा होतो. या घरगुती औषधांची थट्टा करावी असा आमचा मुळींच हेतु नाहीं. ओव्यांत थायमॉल नांवाचें द्रव्य आहे, आणि अतिभोजनानें पोट फुगलें असतां ओव्यानें अनेकांस बरें वाटतें. एक जेवण टाकल्यानें त्याहूनही बरें वाटतें. पण तें औषध फुकट असल्यामुळें कोणी घेत नाहीं!

आमचा आक्षेप आहे तो रोजच्या सोड्याला व मिठाच्या चूर्णांना, आणि तोही विशेषेंकरून बुलढाणा जिल्ह्यांत. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या तालुक्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल मूळचेंच खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें तेथील अनेक घरें गांजलेलीं. चहाच्या एका चमचाभर सोड्यांत सुमारें 1,250 मिलिग्रॅम सोडियम असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास सांगितलेली दिवसाची मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची आहे. लवणभास्कर चूर्णाच्या तर नांवांतच लवण आहे. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यानें खारें पाणी पिऊन त्यावर हा खार घ्यावा, याला उपाय कोण म्हणेल?

"पण हें नैसर्गिक आहे," असें उत्तर येतें. लोणारच्या सरोवरांतला खारही नैसर्गिकच आहे. काच व साबण करण्यास तो उपयोगी असल्याची नोंद ऐने-अकबरींत सांपडते. निसर्गानें दिलें तें सर्व पोटास मानवतें असें असतें, तर लोणारकरांनीं तळ्याचें पाणी रांजणांत भरलें नसतें काय?

याहून मोठा धोका विलंबाचा. जठरव्रण हा तिखटाचा किंवा चिंतेचा रोग, अशी समजूत अजून आहे. मार्शल व वॉरेन या ऑस्ट्रेलियन वैद्यांनीं 1982 सालीं जठरांतील एक जंतु शोधून काढला व 2005 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेक व्रण या जंतूमुळें किंवा अंगदुखीच्या गोळ्यांमुळें होतात. जंतूचें निदान श्वासाच्या अथवा मलाच्या परीक्षेनें होतें, आणि एक-दोन आठवड्यांच्या औषधानें तो बहुधा जातो. सोडा मात्र जळजळ झांकतो. जंतु जागच्या जागीं राहतो. मल काळा होणें, वजन घटणें, घांस अडकणें, रक्ताची उलटी होणें, यांपैकीं एकही लक्षण दिसतांच ओव्याची डबी बाजूस ठेवून दवाखाना गांठावा. छातींतील जळजळीबरोबर घाम सुटला, तर वाट पाहूंच नये.

मजुराला मात्र आम्हीं दोष देत नाहीं. तालुक्याच्या गांवीं जाण्यांत त्याची दिवसाची मजुरी बुडते, आणि सोड्याची पुडी कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळते. म्हणून ही जंतुपरीक्षा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयांत विनामूल्य व्हावी, आणि खारपाणपट्ट्यांतील प्रत्येक सार्वजनिक विहिरीवर व कूपनलिकेवर पाण्यांतील क्षारांचें प्रमाण ग्रामपंचायतीनें ठळक मराठी अक्षरांत लिहून लावावें, अशी आमची मागणी आहे.