प्रशिक्षण गुरुजींचे, खाडा मायबहिणींचा



या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेचा आहे, पीकविम्याचा आहे. त्यात शाळेच्या अर्ध्या दिवसाचा विषय कशाला घुसडला, असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. हा विषय आम्ही घुसडलेला नाही. गावबैठकांमध्ये वेचणीला जाणाऱ्या बायांनी तो मांडला, आणि एका गावात नव्हे, बऱ्याच गावांत मांडला. कापसाच्या भावावर बोलायला त्या बसल्या होत्याच, पण भाव मिळायच्या आधी कापूस वेचायला हवा आणि वेचायचा तर घरातले पोर कुणाकडे तरी ठेवायला हवे, हा त्यांचा मुद्दा आम्हाला बिनतोड वाटला.

जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे केलेली आहेत. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी शाळा सकाळी भरते, साडेअकरा-बाराला सुटते आणि गुरुजी व बाई परिषदेला जातात. याशिवाय तालुक्याच्या ठिकाणी चार-पाच दिवसांची प्रशिक्षणे असतात. द्विशिक्षकी शाळेतून दोघांनाही एकाच तुकडीत बोलावले तर शाळेला कुलूपच. शिक्षकांचा आदेश वरून येतो, त्यांना तो पाळावा लागतो. गावाला कळते ते आदल्या संध्याकाळी, पोराने घरी येऊन सांगितले तर. पहिलीतले पोर विसरले की ते दुसऱ्या दिवशी दुपारी बंद दारासमोर दप्तर घेऊन बसलेले सापडते.

आता हा अर्धा दिवस शेताच्या घड्याळावर ठेवून पाहा. कापसाची वेचणी पहाटे सुरू होत नाही. बोंडावर दव असते. दवात वेचलेला कापूस ओला भरतो, गंजीत पिवळा पडतो आणि विकायला नेला की कापला जातो. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कमी करतात, 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणून नऊ-दहाला दव उतरले की बाया कमरेला ओटी बांधून सऱ्यांत शिरतात आणि ऊन कलेपर्यंत वेचतात. म्हणजे सकाळची शाळा भरते तेव्हा आई घरीच असते. ती शेतात पोचून हात चालू लागला की शाळा सुटते. पोराला सांभाळायची गरज नसते तेव्हा शाळा सांभाळते, आणि गरज असते तेव्हा घरी पाठवते. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्याने शेताकडे पाहिलेच नाही, एवढेच.

मग बाईने दुपारी परत यावे, असे कुणी म्हणेल. वेचणाऱ्या बायांची टोळी असते. आठ-दहा जणी एका ऑटोत बसून पाच-सात किलोमीटरवरच्या शिवारात जातात आणि संध्याकाळी त्याच ऑटोने येतात. एकटीने बाराला परतायचे तर वाहन नाही, आणि टोळीतून मध्येच उठून जाणारीला पुढच्या खेपेला कुणी बोलावत नाही. त्यामुळे शाळेचा अर्धा दिवस म्हणजे बाईचा पूर्ण खाडा. हिशेबासाठी किलोला 10 रुपये वेचणी धरा आणि सराईत बाईचे दिवसाचे 40 ते 50 किलो धरा. एका परिषदेची किंमत त्या घराला 400 ते 500 रुपये पडते. वेचणीच्या चार महिन्यांत चार परिषदा झाल्या तर 1,600 ते 2,000 रुपये. त्यात पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची भर पडली की काय होते, ते ज्याने त्याने मांडून पाहावे. (बाप का थांबत नाही, हा प्रश्न आमच्या पुरुष कार्यकर्त्यांनी आपापल्या घरी जाऊन स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर सरकारी परिपत्रकात मिळणार नाही.)

ज्या घराला खाडा परवडत नाही ते दोनांपैकी एक करते. एक, पोराला शेतात नेते. आजच्या शेतात काय असते ते आम्हाला शेतीशाळेत शिकलेल्यांना तरी माहीत असले पाहिजे. कठडा नसलेली विहीर असते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे असते, ज्याच्या उतारावरून घसरलेल्याला मोठा असला तरी वर चढता येत नाही. शेजारच्या धुऱ्यावर फवारणी चालू असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ती तर थोराड माणसे होती. सहा वर्षांच्या लेकराची जागा तिथे नाही.

दुसरे, मोठ्या पोरीला घरी ठेवते. आम्हाला सर्वांत जास्त खुपते ते हेच. ती पोरगी दुसऱ्या गावच्या हायस्कुलात आठवी-नववीला असते. तिची शाळा त्या दिवशी पूर्ण भरते, तिथे गणिताचा नवा धडा सुरू होतो, आणि ती घरी भावाला भाकरी वाढत बसते. असा दिवस दर महिन्याला एक. मग मागे पडली, मग परीक्षेत अडली, मग ‘हिचे शिक्षणात लक्ष नाही’ असा शेरा, मग लग्न. धाकट्याला चांगले शिकवता यावे म्हणून त्याच्या गुरुजींना शिकवायला बोलावले आणि त्याची किंमत थोरलीच्या शिक्षणातून वसूल झाली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लागते, कारणाचा रकाना त्यात नसतो.

आम्ही शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या विरोधात नाही, हे स्वच्छ सांगून ठेवतो. शिकवणाऱ्याने शिकत राहिले पाहिजे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे, ते काही जास्त नाही. शिक्षकही बहुतेक आपल्याच घरांतली लेकरे आहेत. प्रश्न एवढाच आहे की हे 50 तास कुणाच्या खात्यातून काढायचे. शिक्षकाचा त्या दिवसाचा पगार चालू असतो, प्रशिक्षणाच्या नावाने अंदाजपत्रकात रक्कम असते. बाईच्या खाड्याची नोंद कुठेच नसते, म्हणून ती रक्कम शून्य समजली जाते.

ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांचे श्रम मोजायचे की नाहीत, आणि मोजायचे तर कोणत्या दराने, यावर आपली वर्षानुवर्षे भांडणे झाली. आज कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात ए-2 बरोबर एफएल म्हणून कुटुंबाच्या श्रमांची अंदाजी किंमत तरी धरतात. 1986 साली चांदवडच्या अधिवेशनाला शेतकरी बाया मोठ्या संख्येने जमल्या, तेव्हापासून बाईच्या घामाचा हिशेब हा चळवळीचा विषय आहे. शेतातला तिचा तास मोजा म्हणणाऱ्यांनी शाळेच्या दारात वाया गेलेला तिचा दिवस मोजू नये, हे कसे चालेल?

प्रशिक्षण आणि काम यांचा मेळ घालता येतो, हे शेतीखात्याने एके काळी करून दाखवले आहे. डॅनियल बेनॉर यांनी आखलेली आणि जागतिक बँकेच्या पैशावर 1970 च्या दशकापासून देशात पसरलेली ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या योजनेत दोष पुष्कळ होते. संपर्क शेतकरी म्हणून गावातला बागायतदारच निवडला जाई आणि कोरडवाहूच्या बांधावर कुणी फिरकत नसे. पण एक गोष्ट तिच्यात शहाणपणाची होती. पंधरवड्यातला प्रशिक्षणाचा दिवस ठरलेला, भेटीचा वार ठरलेला, आणि तो वार गावाला माहीत. आज आपला माणूस येणार नाही, हे शेतकऱ्याला आधीच ठाऊक असे.

शाळेच्या बाबतीत आमचे म्हणणे त्याच धर्तीचे आहे. परिषदेचा दिवस केंद्राच्या गावच्या आठवडी बाजाराचा ठेवा. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी टोळ्या बहुधा कामावर जात नाहीत. त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो, तेलमीठ आणले जाते आणि आई दुपारपर्यंत घरी असते किंवा पोराला बोटाला धरून बाजारात नेते. केंद्रातल्या बहुतेक गावांचा बाजार एकच असतो. जिथे दोन बाजार असतील तिथे केंद्रप्रमुखाने गावांना विचारून वार ठरवावा. बाजाराच्या गलबल्यात परिषद कशी घ्यायची, असा आक्षेप आला तर आमचे उत्तर असे की ती शेजारच्या गावच्या शाळेत घ्या. गुरुजींनाही त्या दिवशी भाजी स्वस्त मिळेल.

वर्षाच्या सगळ्या तारखा जूनमध्येच शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावाव्यात. मोठी प्रशिक्षणे वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घेऊच नयेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायची आहे. 220 धरले तरी रविवार सोडून 90 च्या वर दिवस उरतात. त्यातले चार-पाच प्रशिक्षणाला घेतले आणि शिक्षकांना त्याची बदली रजा दिली, तर कुणाचेच बुडत नाही. द्विशिक्षकी शाळेतून एका वेळी एकालाच बोलवावे, म्हणजे दार उघडे राहील.

यासाठी मंत्रालयावर मोर्चा नेण्याची गरज नाही. त्याच कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती आहे आणि बायांची सही घरी वही पाठवून आणली जाते. ती वही आता घरी येऊ देऊ नका, बाईनेच बैठकीला जायचे. ठरावात बाजाराचा वार लिहावा, वेचणीचे महिने लिहावेत, आणि परिषद झाल्यावर गुरुजींनी तिथे काय शिकले ते समितीला दहा मिनिटांत सांगावे, हेही लिहावे. प्रात्यक्षिकाचा प्लॉट गावाला दाखवायचा असतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ठरावाची एक प्रत, केंद्राच्या गावाचे नाव आणि तिथला बाजाराचा वार कागदावर लिहून आणावा. गेल्या हंगामात किती दिवस शाळा दुपारी सुटली आणि कुणाच्या घरची मोठी पोरगी त्यापायी घरी राहिली, याची यादी बायांनी करावी. यादीत पोरींची नावे घालू नका, दिवस मोजा. त्या याद्या एकत्र करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यायच्या आहेत, आणि त्या दिवशी बोलायला महिला आघाडीच्याच बाया पुढे असतील.