जर्मनीत शिकायला गेलेल्यांना डिसेंबर का जड जातो?

जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. पहिले काही आठवडे पत्ता-नोंदणी, बँक, विमा आणि खोली शोधण्याच्या धावपळीत निघून जातात. इन्स्टाग्रामवर पिवळ्या पानांचे फोटो आणि ट्रामचे रील्स येत राहतात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. रील्स कमी होतात. घरून फोन आला की उत्तर मात्र तेच असतं, ‘सगळं मस्त चाललंय.’

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा सगळ्यात मोठा गट आहे. व्हिसा, विद्यापीठ, खर्च यांवर हजारो व्हिडिओ सापडतात. या तिसऱ्या महिन्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

घरची आठवण वेगळी, कल्चर शॉक वेगळा

‘कल्चर शॉक’ ही कल्पना १९५० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्यामुळे रुळली. त्यांच्या मते ही अस्वस्थता येते ती रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खाणाखुणा हरवल्यामुळे.

साधं उदाहरण घ्या. आपल्याकडे चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं आणि समोरच्याने ‘घ्या हो थोडा’ म्हणायचं असतं. जर्मनीत ‘नको’ म्हणजे नको, पुन्हा कुणी विचारत नाही. प्राध्यापक ‘हे काम पुरेसं नाही’ असं तोंडावर सांगतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावलं तर शेजारी तक्रार करू शकतात. यात कुणी उद्धटपणा करत नसतं. पण दिवसभर प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावत राहायचं म्हटलं की डोकं थकतं. आणि हा थकवा बऱ्याच जणांना स्वतःचा कमकुवतपणा वाटतो.

आधी आनंद, मग घसरण, मग सावरणं असा ‘यू’ आकाराचा आलेख अनेकदा दाखवला जातो. तो सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना पहिलाच आठवडा सगळ्यात अवघड जातो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. कर्ज काढून गेलेल्या मुलांच्या वाट्याला तो सुरुवातीचा आनंद येतोच असंही नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा भाड्यातच जातो. एवढे पैसे घरच्यांनी उभे केलेत म्हटल्यावर ‘मला इथे जमत नाहीये’ हे वाक्य कुणाला सांगणार?

धोका परीक्षेत आहे

अनेक विषयांत सगळे गुण सत्राच्या शेवटी होणाऱ्या एकाच परीक्षेवर असतात, आणि ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयासाठी तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात शेवटची संधीही हुकली तर त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडावं लागतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करणंही सहसा शक्य होत नाही. म्हणजे डिसेंबरात खोलीत कोंडून घेतलं, वर्ग बुडवले, तर त्याचा फटका थेट पदवीला बसतो. इंटर्नलच्या गुणांवर निभावून नेण्याची सवय असलेल्यांना हे उशिरा कळतं.

मग करायचं काय?

फक्त मराठी मित्रांसोबत राहिलं तर जेवणाचा प्रश्न सुटतो, भाषेचा नाही. त्यांना टाळून ‘पूर्ण जर्मन’ होण्याचा हट्टही एकटं पाडतो. दोन्ही हवं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांना भेटणं सगळ्यात उपयोगी पडतं. विद्यापीठांचे खेळाचे वर्ग यासाठी चांगले आणि स्वस्तही असतात. जर्मन मैत्री हळू जमते, पण ‘पुढच्या गुरुवारी सहाला’ असं ठरलं की तो गुरुवार सहसा चुकत नाही.

झोप उडाली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर ‘हिवाळा सरू दे, मग बघू’ म्हणू नये. श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेत बहुतेक ठिकाणी मोफत मानसिक समुपदेशन मिळतं, अनेकदा इंग्रजीतही. भेटीची वेळ मिळायला थोडे दिवस लागू शकतात, म्हणून ईमेल आजच करावा. परीक्षेतून नाव मागे घेण्याची मुदतही लगेच तपासून ठेवावी. ती उलटल्यावर सहसा डॉक्टरांचं प्रमाणपत्रच कामी येतं.