पॅम द्यायचं की नाही, हे अजून नक्की का ठरलेलं नाही?

आमच्याकडे फोनवर कुणी "त्याने औषध घेतलं" म्हणालं, तर कोणतं, कशासाठी असं कुणी विचारत नाही. गाडी काढतात. फवारणीचंही औषधच आणि दवाखान्यातलंही औषधच, दोघांना आपल्याकडे एकच शब्द. ऊस, लिंबू, कांदा, डाळिंब असं काहीही असो, घरोघरी गोठ्याच्या वळचणीला अर्धी बाटली उरलेली असतेच.

काष्टीतून गाडी निघते ती दौंड, नगर नाहीतर बारामतीकडे. मागच्या वर्षी मीही असाच एका आयसीयूबाहेर दोन रात्री काढल्या. चुलतभाऊ होता. फवारताना झालं की दुसरं काही, ते इथं लिहीत नाही, तो घरचा विषय आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, पॅम आणा. किती? आत्ता एवढं आणा, सकाळी बघू. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांशी बोलणं झालं तर त्यांचाही पेशंट तसाच, पण त्यांना आधीच्या दवाखान्यात पॅम दिलंच नव्हतं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, त्याचा काही उपयोग नसतो. दोघेही शिकलेले डॉक्टर, विष एकाच जातीचं, आणि उपचार दोन तऱ्हेचे. भाऊ वाचला. पॅममुळे वाचला की त्याशिवायही वाचला असता, हे मला आजही कुणी सांगू शकत नाही.

मी डॉक्टर नाही. पण हा किडा डोक्यातून जाईना म्हणून वाचत गेलो, आणि कळलं की या प्रश्नावरचा जगभर गाजलेला एक अभ्यास आपल्या शेजारी बारामतीत झालाय. गिरिराज हॉस्पिटलच्या आयसीयूत. डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास डिसेंबर 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्याचा अभ्यास लॅन्सेटमध्ये! आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

थोडं समजावून सांगतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरातलं एक एन्झाइम अडकवून ठेवतात. मग नसांचे संदेश थांबतच नाहीत. लाळ, घाम, छातीत पाणी, शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. अॅट्रोपिनने हे पाणी आटतं. पॅमचं काम अडकलेलं एन्झाइम सोडवायचं, पण वेळेत दिलं तरच. ठरावीक वेळेनंतर ती गाठ सुटतच नाही. बारामतीत मध्यम ते गंभीर विषबाधेचे 200 पेशंट घेतले. सगळ्यांना सुरुवातीला 2 ग्रॅम पॅम दिलं. पुढचे 48 तास 100 जणांना दर चार तासांनी 1 ग्रॅम, तर उरलेल्या 100 जणांना सलग, दर तासाला 1 ग्रॅम. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. दर चार तासांच्या गटात 8 जण गेले, सलग डोसच्या गटात 1. व्हेंटिलेटरवरचे दिवस साधारण 10 वरून 5 वर आले.

मग प्रश्न सुटला का? नाही. 2009 साली श्रीलंकेतला अभ्यास आला. तिथे 235 पेशंटपैकी काहींना पॅम आणि काहींना नुसतं सलाईन दिलं होतं, आणि कुणाला काय चाललंय हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. पॅमवाल्या 121 पैकी 30 दगावले, सलाईनवाल्या 114 पैकी 18. आकडेशास्त्राच्या हिशेबात हा फरक पक्का धरत नाहीत, पण फायदा तर दिसलाच नाही. त्यांचा डोस बारामतीच्या निम्मा, तासाला अर्धा ग्रॅम होता. उलट बारामतीत दोन्ही गटांना पॅम मिळालं होतं, न दिलेला गट नव्हताच. शिवाय अभ्यास एकाच दवाखान्यातला, आणि कुणाला कोणता डोस चालू आहे हे सगळ्यांना उघड. म्हणजे दोन्ही अभ्यास प्रामाणिक असूनही मिळून उत्तर देत नाहीत. आणि आपण चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे पळतोय.

असा अभ्यास अवघड का, हे त्या दोन रात्रींत बरंच समजलं. पहिलं म्हणजे आपण खोटं बोलतो. पोलीस केस होईल, पाहुण्यात नाव जाईल म्हणून "चुकून घशात गेलं" असं सांगतो, सकाळचं असलं तर "आत्ताच झालं" म्हणतो. आता जे औषध तासांवर चालतं, त्याच्या अभ्यासात तासच खोटे लिहिले गेले तर त्यातून निघणार काय? खरं तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला तणावाखाली होता असंच धरायचं ठरवलंय, आणि 1 जुलै 2024 पासून जुनं कलम 309 ही राहिलं नाही. एमएलसीची नोंद होते, पण म्हणून तो माणूस गुन्हेगार ठरत नाही. हे गावात कुणी सांगत नाही.

दुसरं, सही. त्या रात्री मी चार-पाच कागदांवर सह्या केल्या, एकही वाचला नाही. त्यात अभ्यासाचा कागद असता तर त्यावरही केली असती. 2019 च्या नियमांप्रमाणे पेशंट शुद्धीत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, इजा झाली तर उपचार आणि भरपाई आहे. कागदावर सगळं चांगलं आहे. पण रात्री दोनला, डिपॉझिटसाठी एटीएम शोधणाऱ्या माणसाच्या संमतीला अर्थ किती? आणि औषध घेतलेल्याच्या बाबतीत तर सही करणारा कधीकधी तोच असतो, ज्याच्याशी सकाळी बांधावरून भांडण झालेलं असतं. मला वाटतं, खरी संमती पेशंट उठून बसल्यावर, मराठीत, सावकाश पुन्हा विचारली तरच खरी. 'आता नको' म्हणाला तर तेही मान्य करायचं.

"आमच्या माणसाच्या जिवाची चिठ्ठी टाकता का?" हा राग मला समजतो. आपल्या देशात औषधचाचण्यांच्या नावाखाली गरिबांचा वापर झालाय, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून केंद्राला धारेवरही धरलं होतं. पण चिठ्ठी आजही टाकली जातेच की. गाडी दौंडला वळली की नगरला, त्यावर पॅम मिळणार की नाही हे ठरतं. फरक एवढाच, की या चिठ्ठीची नोंद कुठेच होत नाही, म्हणून पुढच्या पेशंटला तिचा काही फायदा नाही.

हे होऊच शकत नाही असं कुणी म्हणू नये. कोविडमध्ये प्लाझ्मासाठी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, रक्तगट फिरवले. आयसीएमआरने 2020 मध्ये 39 दवाखान्यांत मिळून 464 पेशंटवर अभ्यास केला, तीन महिन्यांच्या आत. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, प्लाझ्मावाल्यांत 19 टक्के, बाकीच्यांत 18 टक्के. उपयोग नाही, हे कळलं. (तरी तो उपचाराच्या यादीतून काढायला मे 2021 उजाडलं, ते वेगळंच.) म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. पॅम जुनं औषध आहे, कुठलीही कंपनी त्याच्या अभ्यासावर पैसे घालणार नाही. मग सरकारने घालायचे. लोणी, विळद घाट, बारामतीचं शासकीय मेडिकल कॉलेज, पुण्यातलं ससून, एवढ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवली तर पेशंट कमी पडणार नाहीत, हे दुर्दैवाने सगळ्यांना माहीत आहे. आमदार-खासदारांकडे सभामंडप मागतो, एकदा हेही मागून बघू.

तोवर एकच करा. गाडी काढताना लेबलसकट बाटली सोबत घ्या. क्लोरपायरीफॉस आणि डायमेथोएट एकाच जातीची, पण पॅमला दोघांचा प्रतिसाद सारखा नाही, आणि वासावरून डॉक्टरला नाव कळत नाही. आमच्या वेळी घाबरून कुणीतरी ती बाटली आधीच विहिरीत टाकली होती. काय पोटात गेलं होतं, ते शेवटपर्यंत केसपेपरवर नीट आलंच नाही.