उलटा व्यवहार

काम करणाऱ्याने वेतन घ्यावयाचे आणि काम करवून घेणाऱ्याने ते द्यावयाचे, हा व्यवहार इतका जुना आहे की तो कोणास शिकविण्याची गरज पडू नये. तथापि ‘घरबसल्या काम’ देऊ करणाऱ्या भामट्यांनी नेमका हाच व्यवहार उलटा केला असून शहरांतील सुशिक्षित कुटुंबेही त्यांना बळी पडत आहेत.

त्यांची रीत ठरलेली आहे. व्हॉट्सॲपवर अनोळखी निरोप येतो. यूट्यूबवरील चित्रफितींना पसंती दर्शवावी किंवा एखाद्या हॉटेलविषयी दोन बरे शब्द लिहावेत, एवढेच काम. पहिले शेदीडशे रुपये खरोखरच जमा होतात. ते वेतन नव्हे, गळाला लावलेले आमिष होय. पुढे टेलिग्रामवरील समूहात प्रवेश मिळतो. तेथे आपला नफा मिरविणारे ‘सहकारी’ बहुधा त्याच टोळीतले असतात. मग अधिक मोबदल्याच्या कामासाठी आधी पैसे भरावयास सांगितले जाते. पडद्यावर शिल्लक फुगत जाते. मात्र ती काढू गेल्यास कर भरा, दंड भरा, अशी नवी मागणी पुढे येते. दुसरा प्रकार मजकूर टंकलिखित करण्याचा. करारावर सही घ्यावयाची, कामात चुका दाखवावयाच्या आणि वकिलाच्या नावाने नोटीस धाडून भरपाई मागावयाची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अर्धवेळ काम व गुंतवणूक यांच्या नावाखाली फसवणूक करणारी १०० हून अधिक संकेतस्थळे बंद केली. परंतु एक बंद झाले की दुसरे उघडण्यास वेळ लागत नाही.

अशा फसवणुकीस ‘लोभाचे फळ’ म्हणून हिणविणे आम्हांस मान्य नाही. मुलांसाठी नोकरी सोडलेली गृहिणी, निवृत्तीनंतर काम शोधणारा गृहस्थ, पदवी घेऊन रिकामा बसलेला तरुण यांना हवी असते ती सन्मानाची कमाई. उपहासाच्या भीतीने ते गप्प बसतात आणि त्यांचे मौन हेच भामट्यांचे भांडवल ठरते. वास्तविक १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास गेलेली रक्कम एखाद्या बँकेत गोठविता येण्याची शक्यता असते. ती खात्याखात्यांतून पुढे सरकली की ही आशा मावळते.

म्हणून काम देण्यासाठी कोणी पैसे मागितले की तेथेच थांबावे. संस्थेचा पत्ता व दूरध्वनी स्वतः शोधून खातरजमा करावी. नोटिशीला भिऊन पैसे भरू नयेत. ती पोलिसांना दाखवावी. आपले बँक खाते कमिशनवर कोणास वापरू देऊ नये. त्यातून इतरांचे लुटलेले पैसे फिरतात आणि पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारी येतात. घरातील कोणी फसलेच, तर त्यास बोल लावण्याआधी तक्रार नोंदवावी. वेळ निघून गेल्यावर शहाणपण सांगावयास सारेच मोकळे असतात.