चमत्कारकथा आणि मुलांची शंका

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांलगत नवी मुंबई वसत गेली. नाना धर्मांची मुले येथे एका बाकावर बसू लागली. अशा वर्गात येशूची गोष्ट निघाली की एखादे मूल विचारणारच : पाच भाकरी नि दोन मासे पाच हजारांना पुरले कसे? ‘असे विचारू नये’ म्हणून दटावणे आणि ‘सारे खोटे’ म्हणून हसणे, या दोहोंनी मुलाचा विचार खुंटतो.

खाडीकाठच्या कोळ्याच्या पोराची शंका ही अश्रद्धा नव्हे. दोन माशांत किती जण जेवतात, हे त्यास ठाऊक असते. ख्रिस्ती लोक यास चमत्कार मानतात, असे शिक्षकाने सरळ सांगावे व मुलांना पुढे न्यावे. ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे. परंतु ती शिदोरी एका मुलाची होती, हे केवळ योहान सांगतो. त्या मुलाच्या मनात काय आले असेल? उरलेले तुकडे गोळा करावयास येशूने का सांगितले?

माप मात्र एकच हवे. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविल्याच्या कथेस जो आदर व जी मोकळीक, तीच या कथेसही मिळावी. १९७६ साली घटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत शोधक बुद्धीच्या जोडीनेच मानवतावाद सांगितला आहे. भाकरी कशा पुरल्या, हे मूल मोठेपणी ठरवील. डबा उघडताना शेजारचा उपाशी नाही ना, हे पाहण्याची सवय आजच लागावयास हवी.