गाडी म्हणजे फक्त मोटार नव्हे!



तिसरीच्या वर्गाला मी 'आमची गाडी' या विषयावर चार-पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने वाचून दाखवलं, 'आमच्या गाडीला चार चाकं आहेत. तिला पेट्रोल लागत नाही. बाबा ती ढकलतात. गाडीवर भाजी असते.' सगळा वर्ग हसला. एकजण म्हणाला, "सर, हिच्याकडे गाडीच नाही!" पोरगी खाली मान घालून बसली. खरं सांगतो, मीसुद्धा लाल पेन उचललं होतं.

पण चूक तिची नव्हतीच. गाडी हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. त्या नव्या वाहनालाही आपल्या लोकांनी जुनाच शब्द जोडून 'आगगाडी' म्हटलं. बैलगाडी, घोडागाडी, मालगाडी, बाबागाडी, वडापावची गाडी... सगळ्या गाड्याच! जमिनीवर चाकांनी चालते ती गाडी. म्हणून होडी हे वाहन आहे, पण गाडी नाही.

बोलण्यात तर या शब्दाची गंमतच आहे. मुंबईत 'आठ दहाची गाडी' म्हणजे लोकल, गावाकडे 'गाडी काढ' म्हणजे बऱ्याचदा मोटारसायकल. एसटी स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली आणि 'मला गाडी लागते' म्हणजे प्रवासात मळमळतं! याच गाडीचा मोठा भाऊ म्हणजे गाडा. 'संसाराचा गाडा' आपण सगळेच ओढतो.

माझं मत स्पष्ट आहे. शब्दाचा अर्थ मुलांच्या घरातून वर्गात येऊ द्यावा. 'कोणाकोणाकडे गाडी आहे?' असं विचारलं की मुलं हात वर करतात आणि नकळत वर्गाचे दोन भाग पडतात. त्याऐवजी 'गाडी म्हटलं की तुला काय आठवतं?' असं विचारा. प्रत्येकाकडे उत्तर असतं. पालकांनीही घरी हे करून बघावं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गाड्यांची यादी करायला घेतली. पहिला शब्द त्या मुलीलाच लिहायला सांगितला. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हातगाडी'. पुढे फळा कधी भरला ते कळलंच नाही.